दोन जावांचं गुंतवळ

संपादकांचा माणूस घरी आला आणि म्हणाला, नूरबी, आमच्या दिवाळी अंकासाठी तुमच्या धंद्याविषयी चार पानं लिहून द्या. मी म्हटलं, देईन बाबा, पण तुमचे वाचक पुढ्यात फराळाचं ताट घेऊन अंक चाळणार आणि माझा सगळा धंदा केसांचा. लाडू खाताना केसाची गोष्ट कुणाला रुचणार? ज्याला किळस येईल त्यानं पान उलटावं. पुढं पाककृती असतीलच.

लिहायला मी म्हातारपणी शिकले, नातीच्या पाटीवर. त्यामुळं शुद्धलेखनाची जबाबदारी तिची आणि खरंखोटं माझं.

तर मी गुंतवळ गोळा करायची. आजच्या पोरींना हा शब्दही माहीत नाही. विंचरताना फणीत जे केस निघतात ते बाई बोटाभोवती गुंडाळते, त्याचा गोळा करते, ते गुंतवळ. तेव्हा ते असंच कुणी उकिरड्यावर टाकत नसे. त्यावर थू थू करून मग टाकायचं, नाहीतर भिंतीच्या कोनाड्यात कोंबून ठेवायचं. गळलेला केस वैऱ्याच्या हाती लागला की त्यावर करणी करता येते, असा पक्का समज. अशा बायकांच्या दारात जाऊन मी केस मागायची, म्हणजे बघा माझी जीभ किती गोड असेल. सुया, दाभण, काळे मणी, लाकडी फण्या टोपलीत घेऊन पेठापेठांतून हिंडायची आणि त्यांच्या बदल्यात गुंतवळ घ्यायची. घरी आमचे मालक त्याची गंगावनं करायचे. ज्यांची वेणी तोकडी त्यांच्या वेणीत गुंफायचा केसांचा झुबका म्हणजे गंगावन. शिवाय टोप. महाराजांच्या राज्यात कोल्हापुरात नाटक कंपन्यांचे मुक्काम पडायचे, आणि बायकांची कामं पुरुषच करायचे. त्यामुळं आमच्या घरी मिशा काढलेल्या नायिकांची सदा वर्दळ.

गुंतवळ निवडणं हे किचकट काम. आधी रिठ्याच्या पाण्यात धुवायचं, सुकवायचं, मग दाभणानं एकेक केस सोडवायचा. पण खरी मेख पुढं. केसाला मूळ आणि शेंडा असतो, आणि गुंतवळात ते उलटसुलट झालेले असतात. तसेच बांधले तर चार दिवसांत गंगावनाचं घरटं होतं. मग मूळ ओळखायचं कसं? केस चिमटीत धरायचा आणि त्याच्या लांबीच्या दिशेनं बोटं मागंपुढं चोळायची. केस आपोआप सरकायला लागतो, आणि सरकतो तो कायम मुळाकडंच. लग्न होऊन आले तेव्हा मालकांनी मला हे पहिल्यांदा दाखवलं. मेलेला, धुतलेला, कुणाच्या तरी डोक्यावरून गळलेला केस माझ्या बोटांतून आपल्या मुळाकडं चालायला लागला आणि माझ्या अंगावर काटा आला. मी तो टाकूनच दिला. मालक हसले. पण मला ते आजही हसण्यासारखं वाटत नाही. करून बघा, आत्ताच.

दुसरी गोष्ट जाडीची. बारीक केस रेशमासारखा, बोटाला लागतसुद्धा नाही, गाठ मारली तर आपली आपण सुटते. राठ केस वळवला तसा राहतो, ओढला तर बोट कापतो. लोकांना वाटतं राठ केसांची बाई म्हणजे केसाळ आणि बारीक केसांची म्हणजे विरळ. तसं नसतं. बारीक केस पुष्कळदा जास्तच दाट असतात, फक्त चापून बसतात म्हणून टाळू दिसते. आणि एकाच डोक्यावर कानशिलाजवळचे केस निराळे, मानेवरचे निराळे. मी इतकी डोकी हाताळली, पण एकीचे केस दुसरीच्या केसांत मिसळून ओळखू येईनात, असं कधी झालं नाही. घडवणाऱ्याला एवढा वेळ कुठून मिळाला, हे कोडं मला सुटलेलं नाही.

या जाडीपायी आमची एकदा चांगलीच फजिती झाली. एका कंपनीतला नायिकेचं काम करणारा नट होता. त्याचे स्वतःचे केस खांद्यापर्यंत वाढवलेले, आणि रेशमाहून बारीक. मालकांच्या हाताशी राठ केसांचं एक घसघशीत गंगावन तयार होतं, तेच त्यांनी दिलं. नाटकात खलनायक नायिकेची वेणी धरून तिला फरफटत नेतो असा प्रवेश होता. त्यानं वेणी धरली, ओढली, आणि वेणी त्याच्या हातात आली. नायिका तिथंच उभी. खलनायक हातातल्या वेणीकडं बघतोय, मग नायिकेकडं बघतोय. पिटातून एकजण ओरडला, "पावणं, शेपूट गावलं, आता म्हस हुडका!" दुसऱ्या दिवशी नायिका आमच्या दारात, हातात वेणी आणि तोंडात अस्सल कोल्हापुरी शिव्या. तेव्हापासून मालकांनी नेम केला, की आधी डोक्याचा एक केस चिमटीत घेऊन बघायचा आणि मगच त्याला जोडीदार निवडायचा.

आता मूळ गोष्ट.

मंगळवार पेठेत एक शेतकरी घर होतं. शेतं गावाबाहेर, घर पेठेत. घरात म्हातारी सासू. तिला सुना आत्याबाई म्हणत, म्हणून मीही तेच म्हणायची. दोन मुलगे, दोन सुना. थोरली हौसा, गडमुडशिंगीची लेक. धाकटी सगुणा. हौसाचे केस म्हणजे आमच्या धंद्याचं स्वप्न. राठ, काळेभोर, कमरेखाली लोळणारी वेणी. लग्नाला बरीच वर्षं झाली होती पण मूल नव्हतं, आणि घरात उठताबसता तिला ते ऐकवलं जायचं. नवरा आप्पा तसा गरीब स्वभावाचा, म्हणजे आईपुढं तोंड न उघडणारा. त्या पावसाळ्याच्या तोंडाला सगुणाला मुलगा झाला आणि म्हातारीनं आप्पासाठी दुसरी बायको बघायला घेतली. बिद्रीची एक मुलगी जवळजवळ ठरलीच होती. हौसाला माहेरी धाडायचं, की सवतीच्या हाताखाली ठेवायचं, एवढंच ठरायचं बाकी होतं.

त्या घरात केस विकायची रीत नव्हती. मी फक्त सुया द्यायला जायची. पण गणपती झाल्यावर एकदा हौसानं मला मागच्या दारी बोलावलं आणि पदराखालून फडक्यात बांधलेलं गुंतवळ काढून माझ्या टोपलीत कोंबलं.

"भाबी, ह्ये सगुणाचं हाय. लई गळत्यात तिची केसं. रडत बसती. ह्येचंच गंगावन करून आणा, तिचीच केसं तिच्या डोक्याव."

"आत्याबाईस्नी इचारलंय का?" मी म्हटलं.

"त्यास्नी कशाला सांगायचं? तुमी न्या की."

बाळंतिणीचे केस गळतात, यात नवल नाही. मूल हसायला लागलं की आईचे केस गळायला लागतात, असं आमच्याकडं म्हणतात. पोटात मूल असताना एकही केस सुटत नाही. जणू सगळे दम धरून बसलेले असतात. मग बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी एकदम जातात. नवख्या आया घाबरून वैद्याकडं धावतात. अहो, ते जातात कारण खालून नवे यायला लागलेले असतात. झाडाचं पान जसं देठासकट आपण होऊन सुटतं, तसा हा केस मुळासकट सुटतो. त्याच्या टोकाला खसखशीहून बारीक असा पांढरा ठिपका असतो. तुटलेल्या केसाला तो नसतो. तो ठिपका दिसला की समजायचं, केस आपली वेळ भरून गेला, कुणी मारला नाही.

घरी येऊन मी ते गुंतवळ भिजवलं, सुकवलं आणि सोडवायला बसले. थोड्याच वेळात माझी बोटं थांबली. त्यात दोन बायका होत्या. एकीचे केस बारीक, रेशमी. ते सगुणाचे. दुसरीचे राठ, ते हौसाचे. चार केस इकडचे तिकडं मिसळले तर समजू शकते, फणी एक असेल. पण इथं दोन ढीग पडायला लागले आणि दोन्ही सारखेच वाढत गेले. मी राठ केसांची टोकं उजेडात धरली. सगळ्यांना पांढरा ठिपका. एक तुटलेला नाही, एक उपटलेला नाही. बाळंतिणीच्या केसांसारखेच, आपली वेळ आली म्हणून सुटलेले.

मी मालकांना दाखवलं. ते म्हणाले, ताप आला असेल तिला. तापानंही जातात. खरंच होतं ते, मोठं आजारपण, मोठा धक्का, याचीही आठवण केस अशीच उशिरा काढतात. पण हौसाला मी सगळा पावसाळा बघत होते. मधले काही दिवस ती माहेरी होती तेवढेच काय ते नाही. घोड्यासारखी राबत होती, ताप कुठला? मी ते दोन ढीग बघत बसले. भीती वाटली म्हणू, की नवल वाटलं म्हणू? माणूस तोंड मिटून घेतं, कपडे धुऊन टाकतं, डोळे पुसून चुलीपुढं बसतं. आणि डोकं मात्र जे झालं ते एकेक केसानं खाली ठेवत राहतं. मी तो अर्थ मनातल्या मनातही पुरा उच्चारला नाही. बारीक केसांचं गंगावन केलं, राठ केसांचा वेगळा झुबका बांधला, आणि ठरवलं की तो हौसाला गुपचूप परत द्यायचा.

दसऱ्याच्या आधी सगळीकडं घरं सारवायचे, धुणी काढायचे दिवस. मी गेले तेव्हा त्या घरातलं सगळं सामान अंगणात होतं आणि सामानाच्या मधोमध हौसा, पायाशी कपड्यांचं बोचकं. आप्पा पायरीवर खाली मान घालून बसलेला. सगुणा मुलाला खांद्यावर घेऊन रडत होती.

"आलीस व्हय नूरबी? बस, तमाशा बघ," म्हातारी म्हणाली. "सारवायला काढलं तर कोनाडा मोकळा. ह्या बयेनं माझ्या धाकटीची केसं देवरुष्याला निऊन दिल्यात. सोताला लेकरू न्हाय, तर दुसरीचं बघवंना. पोरीचं डोकं बघ, टक्कल पडाय आलंय. दुपारी बिद्रीचं पावणं येत्यात. त्येच्या आत ही मुडशिंगीला गेली पायजे."

हौसा काहीच बोलेना. केस नूरबीला दिलेत, एवढं म्हणाली असती तर सुटली असती. ती का बोलत नाही हे त्या अंगणात फक्त मला कळत होतं. केस पुढं आले की त्यांतले तिचे स्वतःचेही उघडे पडणार होते.

"आत्याबाई, केसं माझ्याकडं हायत," मी म्हणाले आणि गंगावन काढून म्हातारीपुढं ठेवलं. "थोरल्या वैनींनी दिलती. धाकटीला गंगावन करा म्हणाल्या, तिच्याच केसांचं. देवरुषी न्हाय नि कोण न्हाय."

सगुणानं पुढं होऊन ते उचललं आणि गालाला लावून बघितलं. "आत्याबाई, माझीच हायत वं ही," ती म्हणाली आणि आणखीच रडायला लागली. म्हातारीचा चेहरा जरा उतरला. पण ती काही कच्च्या गुरूची चेली नव्हती.

"कोनाडा गच्च भरला हुता. ह्ये तर निम्मंबी न्हाय. ऱ्हायलेलं कुटं हाय?"

हौसानं माझ्याकडं बघून अगदी किंचित 'नको' अशी मान हलवली.

"निवडताना वाया जातंय आत्याबाई," मी थाप मारली.

म्हातारीनं माझं ऐकून घ्यायच्या आत टोपलीत हात घातला होता. राठ केसांचा झुबका तिच्या हाती आला. तिनं तो बोटांतून फिरवला. "ही धाकटीची न्हाईत," ती म्हणाली. मग उठली, हौसाजवळ गेली आणि तिच्या डोक्यावरचा पदर मागं सारला. ती वेणी मी कितीतरी दिवसांनी बघत होते. उंदराच्या शेपटीएवढी झाली होती.

म्हातारीनं झुबक्याची टोकं उन्हात धरली. तिनं स्वतः कितीतरी बाळंतपणं काढली होती, स्वतःची आणि पेठेतल्या बायकांची. तिला मी काय सांगणार? मग तिनं जे विचारलं ते इतक्या हळू की मला वाटलं दुसरंच कुणीतरी बोललं.

"कवा?"

"आखाडात, बेंदराच्या आदी," हौसा म्हणाली. "मुडशिंगीत."

"किती म्हैन्याचं?"

"पाचवा लागला हुता. आईनं चोरचोळी करायला बोलीवलंतं." पोटुशी लेकीला माहेरी गुपचूप नवी चोळी घालतात, ती चोरचोळी. ती झाली की मग सासरी सांगायचं. "चोळी घाटली आन आठ दिसात गेलं."

"आन सांगितलं न्हाईस?"

"वांझ म्हणत हुतासा. सांगितलं असतं तर लेकरू खाल्लं म्हणाला असतासा. त्यापरीस वांझ बरं की."

आप्पा पायरीवरून उठला. "मला तरी सांगायचं हुतंस."

"तुमी तवा बिद्रीला गेलता," हौसा म्हणाली. "पोरगी बघाय."

आप्पा होता तिथंच परत बसला. मला रडू आवरेना आणि मी ते आवरलंही नाही. म्हातारीनं हातातला झुबका नीट गुंडाळला, आपल्या कनवटीला खोचला आणि विचारलं, "पोरगा हुता का पोरगी?"

"पोरगी."

म्हातारी खाली बसली. सगुणाला म्हणाली, "तेलाची वाटी आन फणी आण." हौसाला तिनं आपल्या पुढ्यात ओढलं, गुडघ्यांच्या मधी बसवलं आणि तिची वेणी सोडली. हौसा आधी दगडासारखी बसली होती. टाळूवर तेल पडलं तशी तिची मान हळूहळू खाली गेली आणि ती रडायला लागली, आवाज न करता. पावसाळ्यापासून साठलेलं होतं सगळं.

मला राहवलं नाही म्हणून मी जवळ गेले. तिच्या कपाळाच्या कडेला बोटभरही नसतील असे केस उभे होते, टोकाला निमुळते, नवे. मी म्हातारीला दाखवले. "बघा आत्याबाई, नवं याय लागल्यात." म्हातारीनं त्यांवरून अंगठा फिरवला. सगुणानंही वाकून बघितलं, आणि मग आपल्या कपाळावर चाचपून बघितलं. तिलाही होते. दोघींनाही तेवढेच. त्या क्षणी मला माझ्या धंद्याचा असा अभिमान वाटला, जसा नंतर कुणा राजघराण्यातल्या लग्नात गंगावन देतानाही वाटला नाही.

विंचरणं चालू असतानाच बिद्रीचे पाहुणे आले. मुलीचा बाप, चुलता आणि एक मध्यस्थ. अंगणातच घोंगडं टाकलं, गूळपाणी दिलं. म्हातारी जागची उठली नाही. फणी चालूच. पाहुणे जरा बावरले. ठरलेली मुलगी जिच्यावर सवत म्हणून यायची तिचंच डोकं सासू मांडीपाशी घेऊन विंचरतेय, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बोलणं कुठून तरी सुरू करायचं म्हणून मुलीच्या बापानं सगुणाच्या खांद्यावरच्या मुलाकडं बघून विचारलं, "एवढं एकच नातवंड म्हणायचं का?"

"दोन," म्हातारी म्हणाली.

मध्यस्थ चपापला. "आत्ती, दुसरं कुटलं?"

"थोरलीचं. देवानं नेलं." फणी केसांतून खालपर्यंत आली. "तवा माझ्या थोरलीला वांझ कुणी म्हणायचं न्हाय. पावणं, जेवान तयार हाय, जेवून जावा. दुसरं काय बोलायचं न्हाय."

पाहुणे जेवून गेले. आप्पा त्यांना वेशीपर्यंत पोचवून आला. त्या घरात दुसरी बायको आली नाही.

आता नायलॉनची गंगावनं बाजारात टांगलेली असतात. ना मूळ, ना शेंडा, ना कुणाची आठवण. चिमटीत चोळली तर कुठंही जात नाहीत. धंदा गेला त्याचं वाईट वाटतं, पण रडत बसायला मी काही नाटकातली नायिका नाही.

हौसाचे केस सगळे परत आले, पहिल्यासारखे राठ. मूल मात्र तिला पुढं झालं नाही. सगुणाला चार झाली, आणि म्हातारी सगळ्यांना बघून मेली. शेवटी शेवटी तिला दिसत नव्हतं. कुणी पाहुणा आला आणि नातवंडं किती असं विचारलं, की ती एकेक बोट दुमडत पाच म्हणायची, आणि पहिलं बोट दुमडताना हौसाचं नाव घ्यायची.